कावळ्याच्या घरट्यातील चढाओढ: परभृत पक्षी आणि त्यांचे यजमान एका हंगामात कसे अभ्यासावेत

फाल्गुनात कडुनिंबाची पाने झडली की गेल्या हंगामातील कावळ्यांची घरटी फांद्यांच्या बेचक्यांत उघडी पडतात. कोकिळा आणि कावळा यांच्यातील चढाओढ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर कामाला लागण्याची हीच वेळ आहे. चैत्रात नवी पालवी दाटली की त्याच झाडांखाली उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहिले तरी घरटे दिसत नाही. कावळे पुष्कळदा त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर पुन्हा घरटे बांधतात, म्हणून जुन्या घरट्यांची जागा आधी टिपून ठेवणाऱ्याचा पुढचा महिनाभराचा शोध वाचतो. आपल्या गल्लीतील, शाळेच्या आवारातील किंवा शेताच्या बांधावरील दहा-बारा झाडे निवडावीत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि वहीत एक साधा नकाशा काढावा. औंढ्याच्या किंवा परळीच्या एखाद्या गल्लीत हा अभ्यास जितका नीट होऊ शकतो, तितकाच तो छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतही होतो. यासाठी अभयारण्यात जाण्याची गरज नाही.

ज्या पक्ष्यांची अंडी दुसरे पक्षी उबवतात आणि पिल्लेही तेच वाढवतात, त्यांना वीण-परजीवी म्हणतात आणि वाढवणाऱ्याला यजमान म्हणतात. जगातील पक्ष्यांच्या सुमारे दहा हजार जातींपैकी शंभराच्या आसपास, म्हणजे साधारण एक टक्का जाती असे जगतात. आपल्या पूर्वजांनी हे फार पूर्वी ओळखले होते, कारण संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ आणि ‘अन्यपुष्ट’ अशी नावे आहेत आणि दोन्हींचा अर्थ ‘दुसऱ्याने पोसलेला’ असाच होतो. परंतु नाव देणे आणि ही व्यवस्था कशी घडली हे समजून घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरीक्षकाने सुरुवातीलाच एक सवय लावून घ्यावी. कोकिळा ऐतखाऊ आहे आणि कावळा भोळा आहे, ही दोन वाक्ये वहीत कुठेही लिहू नयेत. त्यांच्या जागी प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहावा: या क्षणी यजमानाने चूक केली, तर त्याला त्याची किंमत काय पडेल? या मार्गदर्शिकेतील सगळी पद्धत या प्रश्नावर उभी आहे.

साहित्य थोडे लागते. ८ × ४० ची दुर्बीण, वही, पेन्सिल आणि आवाज टिपण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. परभणी-नांदेडकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी पाच ते साडेसहा या वेळा ठरवून घ्याव्यात. घरट्यापासून किमान तीस पावले दूर, शक्यतो एकाच जागी बसावे. झाडावर चढू नये, घरट्यात काठीला आरसा बांधून पाहू नये आणि कोकिळेचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना इजा करणे वा उपद्रव देणे येते. कायदा नसता तरी हा नियम पाळावाच लागला असता, कारण आपण सारखे वर पाहत राहिलो तर इतर कावळे आणि मांजरे त्या घरट्याकडे वळतात, आणि मग आपण जे मोजतो ते निसर्गाचे न राहता आपणच केलेल्या ढवळाढवळीचे होते.

पहिली फळी: घरट्याची राखण

पहिल्या आठवड्यात आवाज ओळखायला शिकावे. ‘कुऊ-कुऊ’ अशी चढत जाणारी साद घालणारा पक्षी नर असतो. तो काळाभोर आणि लाल डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी असते, तिच्या अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा तीक्ष्ण व घाईचा असतो. गाणारी ती कोकिळा, ही आपल्या कवितांनी रूढ केलेली समजूत इथे बाजूला ठेवावी लागते. अंडे कोण घालणार आहे हे ओळखायचे असेल, तर गोड सादेपेक्षा त्या घाईच्या आवाजाकडेच कान द्यावा लागतो. कोकीळ मुख्यतः फळे खातो, म्हणून वड, पिंपळ आणि उंबर यांच्या आसपासची घरटी आधी निवडावीत.

मग प्रत्येक घरट्यासमोर अर्धा तास बसून तीन गोष्टी मिनिटांत मोजाव्यात. घरट्यावर कावळा किती वेळ होता, किती वेळ घरटे रिकामे होते आणि कोकीळ किंवा कोकिळा दिसताच कावळ्याने पाठलाग केला का? असा पाठलाग वैशाखात जवळजवळ रोज दिसतो. नर मुद्दाम समोर येऊन कावळ्यांना दूर ओढून नेतो आणि तेवढ्यात मादी अंडे घालते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. हे ऐकून न लिहिता पाहून लिहावे. नराच्या पाठलागाच्या वेळी मादी त्याच घरट्याजवळ होती का, याची नोंद प्रत्येक वेळी ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘दिसली नाही’ अशी करावी. घरटे नुसते रिकामे असतानाच मादी आली, असेही पुष्कळदा घडते आणि तेही तितक्याच काळजीने लिहावे लागते.

युरोपातील कुकू हा कोकिळेचा नातलग पक्षीही वीण-परजीवी आहे, आणि त्याची मादी अंडे घालायला सुमारे दहा सेकंद घेते. इतकी घाई कशासाठी, याचे उत्तर केंब्रिजजवळच्या विकेन फेन या पाणथळीत १९८०च्या दशकात निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी शोधले. बोरूत घरटे करणाऱ्या लहान वटवट्यांच्या घरट्यांत त्यांनी रंगवलेली नकली अंडी ठेवली. घरट्याजवळ पेंढा भरलेला कुकू ठेवला, तेव्हा तशीच अंडी फेकून देण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे यजमानाने परजीवीला पाहिले तर तो अंड्यांबाबत अधिक सावध होतो, आणि जी मादी चटकन येऊन जाते तिचीच अंडी टिकतात. घाई करणाऱ्या माद्यांची संतती उरली, रेंगाळणाऱ्यांची उरली नाही. नैसर्गिक निवड म्हणजे एवढेच, आणि त्यासाठी त्या मादीला काही कळण्याची गरज नाही.

दुसरी फळी: अंडे

कावळ्याचे अंडे सुमारे ३७ मिलिमीटर लांब, निळसर-हिरवे आणि तपकिरी ठिपक्यांचे असते. कोकिळेचे अंडे सुमारे ३० मिलिमीटरचे, म्हणजे लहान असते, पण रंग आणि ठिपके बरेच जुळतात. आपण घरट्यात पाहणार नाही, म्हणून हा टप्पा दुरूनच तर्काने अभ्यासावा लागतो, आणि त्यासाठी दिवस मोजणे उपयोगी पडते. कावळ्याचे अंडे उबण्यास १६-१७ दिवस लागतात, कोकिळेचे १२ ते १४ दिवसांत उबते. पहिल्यांदा कावळी घरट्यात सलग बसलेली दिसली तो दिवस लिहून ठेवावा. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच कावळे चोचीत खाद्य घेऊन घरट्याकडे जाऊ लागले, तर तिथे कोकिळेचे पिल्लू आधी बाहेर आले असण्याची शक्यता मोठी आहे. कुकूच्या अंड्याबाबत तर असे आढळले आहे की ते घालण्यापूर्वी मादीच्या शरीरातच सुमारे एक दिवस अधिक राहते आणि तेवढी वाढ आधीच झालेली असते. घरट्यात इतरांच्या आधी जन्मणे हा या पक्ष्यांना मिळणाऱ्या लाभांपैकी फार मोठा लाभ आहे, कारण पहिला घास त्यालाच मिळतो.

आता मुख्य प्रश्न येतो. इतका सावध आणि हुशार कावळा कोकिळेची अंडी बहुधा फेकून का देत नाही? याची दोन उत्तरे दिली जातात, आणि निरीक्षकाने दोन्ही मनात ठेवावीत. पहिले उत्तर असे की अंडे ओळखून नाकारण्याची प्रवृत्ती ज्या यजमानांत अजून निर्माण झाली नाही किंवा पसरली नाही, ते काळाच्या मागे आहेत. दुसरे उत्तर असे की ती निर्माण झाली तरी तोट्यात जाते, कारण स्वतःच्याच अंड्यांत थोडा फरक असतो आणि चुकून स्वतःचे अंडे फेकले गेले तर नुकसान पक्केच असते. परजीवीचे अंडे मात्र प्रत्येक घरट्यात असतेच असे नाही. कोकिळेचे पिल्लू यजमानाची सगळी अंडी सहसा बाहेर ढकलत नाही. कावळ्याची काही पिल्ले त्याच्याबरोबर वाढतात, लहान पिल्ले मात्र उपाशी राहून मरू शकतात. नुकसान अर्धवट असले की बचावावर होणारा खर्चही कमीच परवडतो. म्हणून माझे मत असे आहे की कावळ्याचा खरा बचाव घरट्यातील अंड्यांपाशी नसून घरट्याबाहेरच्या पाठलागात आहे, आणि आपण ज्याला मूर्खपणा समजतो त्याच्या आधीच तो सगळे बळ खर्च करून चुकलेला असतो. वैशाखातील ते पाठलाग मोजण्यावर एवढा भर म्हणूनच दिला.

अंड्याच्या टप्प्यावर लढाई खरोखर पेटली की काय होते, ते इतरत्र पाहावे. झांबियात एका वटवट्याच्या प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग आणि नक्षी इतकी वेगळी असते की ती जणू तिची सही असते, आणि परजीवीला एकाच वेळी सगळ्या सह्या गिरवता येत नाहीत. आफ्रिकेतील एक सुगरण माणसांनी हिस्पॅनिओला आणि मॉरिशस या बेटांवर नेली. तिथे तिची अंडी गिरवणारा परजीवी नव्हता, आणि पिढ्यांनंतर त्या बेटांवरील माद्यांच्या अंड्यांतील परस्परांचा फरक कमी झाला, तर एकाच मादीच्या अंड्यांतील सारखेपणाही ढिला पडला. दडपण गेले की बचावही विरतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत.

तिसरी फळी: पिल्लू, आणि घरट्याबाहेरचे दिवस

ज्येष्ठ-आषाढात पिल्ले घरट्याबाहेर येतात आणि ही अभ्यासाची सर्वांत फळदायी वेळ असते. माझ्या पहिल्या हंगामात मी घरट्यांवरच नजर ठेवून होतो. आषाढात एका सकाळी शेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर कावळा एका पिल्लाला भरवताना दिसला, तेव्हा लक्षात आले की घरटे रिकामे झाल्यावरच निकाल लागतो. कावळ्याचे पिल्लू जाड चोचीचे, करड्या मानेचे आणि आखूड शेपटीचे असते. कोकिळेचे पिल्लू सडपातळ आणि लांब शेपटीचे असते आणि त्याची अन्न मागण्याची ओरड कर्कश व अखंड असते. मादी असो वा नर, लहानपणी त्याचा वरचा पिसारा बराचसा काळपट असतो. आता ही गोष्ट ऑस्ट्रेलियातील कोकिळेशी ताडून पाहावी. तिथे यजमान कावळे नसून मधपाखरांसारखे पक्षी असतात, तिथले पिल्लू मादीसारखे तपकिरी असते आणि ते घरट्यातील इतरांना बाहेरही ढकलते. आपल्याकडे काळा पिसारा कावळ्यांच्या घरात खपून जातो, असा तर्क त्यामुळे भक्कम होतो, तरी तो तर्क आहे हे विसरू नये.

आवाजाची नोंद मोबाइलवर अवश्य करावी. इंग्लंडमध्ये कुकूच्या एका पिल्लाची ओरड यजमानाच्या पिल्लांच्या अख्ख्या थव्याच्या ओरडीसारखी असते, हे १९९८ मध्ये दाखवण्यात आले, आणि त्यामुळेच लहानसा वटवट्या आपल्याहून कितीतरी मोठ्या पिल्लाला दिवसभर पुरवत राहतो. कुकूच्या पिल्लाने यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलल्याचे वर्णन एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्ये प्रसिद्ध केले. देवीच्या लसीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले ते हेच जेन्नर. इतके उघड वेगळे पिल्लू यजमान का स्वीकारतो, याचे एक पटण्याजोगे उत्तर किमतीच्या प्रश्नातूनच निघते. समजा एखादा पक्षी पहिल्या विणीत जे पिल्लू पाहील तेच ‘आपले’ म्हणून शिकतो. पहिल्याच विणीत कुकूचे एकटे पिल्लू असेल, तर तो तेच आपले समजेल आणि पुढे आयुष्यभर स्वतःची पिल्ले नाकारेल. अंड्यांबाबत असे घडत नाही, कारण तिथे स्वतःची अंडीही शेजारी असतात. म्हणून अंडे ओळखण्याचे शिक्षण फायद्याचे ठरते आणि पिल्लू ओळखण्याचे बहुधा ठरत नाही. याला अपवाद ऑस्ट्रेलियात आहे. तिथे एक लहान निळा पक्षी परजीवीचे पिल्लू सोडून जातो, आणि त्याची मादी अंड्यांवर बसूनच एक विशिष्ट सूर गाते, जो सूर पुढे पिल्लांच्या अन्न मागण्याच्या आवाजात उतरतो. परजीवीच्या पिल्लाला तो शिकायला वेळ अपुरा पडतो.

सातभाई, चातक आणि पावशा

रोहिणी निघाल्या की मराठवाड्यात दुसरे प्रकरण सुरू होते. पावशाची ‘पेरते व्हा’ ही साद शेतकऱ्याला पेरणीची वाटते, पण त्याच दिवसांत तो अंडी घालण्यासाठी सातभाईंची घरटी शोधत असतो. चातकही मृगाच्या आसपास दिसू लागतो. काळी पाठ, पांढरे पोट, डोक्यावर शेंडी आणि उडताना पंखांतील पांढरा डाग यांवरून तो ओळखावा. बोरी-बाभळींचे बांध, कडेची काटेरी कुंपणे आणि माळावरील हिवर या जागा निवडाव्यात. बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरात, येडशीच्या रामलिंग घाटात आणि पैठणला नाथसागराच्या काठावरील झुडपांत सातभाईंचे थवे सहज दिसतात.

सातभाईंची अंडी गडद निळी असतात आणि चातक व पावशा यांची अंडीही निळीच असतात. यात एक तपशील फार बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेत चातक बुलबुलांच्या घरट्यांत अंडी घालतो. ती पांढरी असतात, बुलबुलाच्या अंड्यांशी जराही जुळत नाहीत आणि तरीही तिथले बुलबूल ती स्वीकारतात. मग आपल्याकडे जुळणी कशासाठी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. सातभाईंच्या पूर्वजांनी न जुळणारी अंडी कधीतरी नाकारली असावीत, हे एक संभाव्य उत्तर आहे.

पावशा शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो. तसेच पट्टे, तसाच पंख फडकवत तरंगण्याचा प्रकार, त्यामुळे लहान पक्षी घाबरून दडतात आणि घरटे उघडे पडते. फांदीवर बसताच पावशा शेपटी आडवी हलवतो, तेव्हा शंका फिटते. निरीक्षकाने इथे लिहायचे ते एवढे: सातभाईंचा थवा पावशाला पाहून दडतो की एकत्र येऊन त्याच्यावर धावून जातो? दोन्ही दिसले, तर वेळ आणि अंतर लिहावे. सातभाई एकाच कुटुंबासारखे राहतात, पिल्लांना आईबापांबरोबर इतरही भरवतात, म्हणून परजीवी पिल्लाला एक नव्हे तर चार-पाच पोशिंदे मिळतात. श्रावणात थव्यामागे ओरडत फिरणारे करडे पिल्लू दिसले, तर त्याला कोणकोण आणि किती वेळा भरवते ते तासभर मोजावे.

वटवट्यांकडेही पाहण्यासारखे आहे. राखी वटवट्याची अंडी विटेसारखी लाल व चकचकीत असतात, आणि शिंपी व वटवट्या या लहान पक्ष्यांवर एक छोटी करडी कोकिळा अवलंबून असते. परंतु ती घरटी ज्वारीच्या किंवा गवताच्या दाटीत इतकी खाली असतात की जवळ जाण्यानेच नुकसान होते. ती दुरूनच सोडून द्यावीत.

नोंदी वाचताना

वहीत रकाने मोजके ठेवावेत: तारीख, वेळ, झाडाचा क्रमांक, घरट्यावर कोण, परजीवी कोण, पाठलाग, आणि शेवटी घरट्यातून कोणती पिल्ले बाहेर आली. ज्या घरट्यात काहीच घडले नाही, त्याचीही ओळ लिहावी. नवशिके इथेच चुकतात. कोकिळेचे पिल्लू दिसलेली घरटीच लक्षात राहतात आणि मग गावातील निम्मे कावळे फसले असे वाटू लागते. वळवाच्या वाऱ्याने पडलेली घरटी वेगळी मोजावीत, कारण त्यांच्या अपयशात कोकिळेचा हात नसतो. रस्त्याकडेची घरटी आपल्याला जास्त दिसतात, म्हणून आतली काही झाडेही मुद्दाम यादीत घ्यावीत.

हंगाम संपल्यावर दोन तुलना कराव्यात. वड-पिंपळाजवळची घरटी आणि लांबची घरटी यांत कोकिळेच्या पिल्लांचे प्रमाण किती, ही पहिली. वैशाखात जास्त वेळ राखलेली आणि कमी वेळ राखलेली घरटी यांतील प्रमाण किती, ही दुसरी. दहा-बारा घरट्यांवरून नियम ठरत नाही. परंतु त्याच झाडांवर तीन-चार वर्षे सलग अशीच वही ठेवली, तर आपल्या गल्लीतील कावळे कुठे राखण करतात आणि कोकिळा कुठे यशस्वी होते, याचे चित्र उभे राहू लागते. जो कावळा पितृपंधरवड्यात घासाला येतो, तोच वैशाखात घरट्यापाशी कोकिळेवर झडप घालतो. त्याच्या त्या पाठलागाची मिनिटे पुढच्या वर्षीच्या वहीत पुन्हा पहिल्या पानापासून मोजायला घ्यावीत, आणि फाल्गुनात पाने झडताच जुन्या नकाशावर उघडी पडलेली घरटी नोंदवावीत.